पहिल्या प्रकरणाची सावड

भात कापायला आलं की लोकांना विळ्याची धार आठवते. मला कीबोर्ड आठवतो. पिवळट पडलेला, कळांच्या फटींत तूस अडकलेला, उलटा करून झटकला की मूठभर शेत टेबलावर सांडणारा. मुरबाडला भातगिरणीच्या मागच्या खोलीत आमच्या संघटनेचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, मोर्चाच्या काठ्या, पत्रकांचे गठ्ठे आणि मुंबईतल्या कुणीतरी टाकून दिलेला कॉम्प्युटर. दिवाळीच्या तोंडावर नवं भात गिरणीत यायला लागलं की मधली भिंत थरथरायची आणि गरम कोंड्याचा वास खोलीत शिरायचा. त्या वासात बसून एका हंगामात आम्ही दुनियेसाठी उदाहरणं लिहिली. हो, दुनियेसाठी. आम्हाला तसंच सांगण्यात आलं होतं.

यंदाही धसईकडची शेतं पिवळी झाली आहेत. परवा तिकडे सभा लावली होती. रस्त्याच्या कडेला कापलेलं भात वाळत पडलेलं, आणि सभेला चार म्हातारे. "कापणीत सभा ठेवणारा शहाणा कोण रे?" असं त्यातल्या एका आजोबांनी मलाच विचारलं. शहाणा मीच होतो. नंतर बांधावर बसून भाकरी सोडली, तेवढ्यात मोबाइल वाजला.

"संतोष, ओळखलंस का रे?"

ओळखलं. विलासदादाचा आवाज मी विसरावा इतकी माझी स्मरणशक्ती दयाळू नाही.

"अरे, आपल्या एडिटरची नवी आवृत्ती येतेय. त्यांना उदाहरणं हवीत, आपल्या मातीतली. तुझी ती टीम जमव ना परत. नामदेव, सुमन, तू. ते सावडीचं उदाहरण इथे सगळ्यांना जाम आवडतं. लवकर सांग हां, टाइम कमी आहे."

तहसील कचेरीसमोर माइक नसताना मी अर्धा तास बोलतो. त्या फोनवर मला एवढंच म्हणता आलं, "विचारून सांगतो." भाकरी तशीच फडक्यात बांधली.

ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध लाइटबिलापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एडिटर म्हणजे मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर. आमचा फुकटातला होता. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून तो मिळून बनवत, आणि त्यात मराठी सरळ लिहिता यायचं, म्हणून आमची पत्रकं त्यात व्हायची. त्याची खरी गंमत वेगळी होती. त्याला कामं शिकवता यायची. गावांची नावं क्रमाने लाव, जुनी तारीख काढून सगळीकडे नवी घाल, असं एकदा त्याच्या भाषेत लिहून दिलं की तो ते काम पुढे न कुरकुरता करायचा. हे शिकवणं म्हणजेच प्रोग्रामिंग. ते कसं करायचं याचं एक मॅन्युअल होतं, कुणीतरी त्याचं मराठी केलेलं होतं, आणि सगळं उदाहरणांतून सांगितलेलं होतं. हे टाइप करा. ही कळ दाबा. असं दिसेल.

असं दिसेल! मी शाळेत असल्यापासून पत्रकं लिहितो, मोठमोठी आश्वासनं वाचली आणि धुतली आहेत, पण 'असं दिसेल' याच्याइतकं मोठं आश्वासन मी दुसरं पाहिलेलं नाही. पत्रकात खोटं लिहिलं तर वाचणारा पत्रक फाडतो. मॅन्युअलमधलं उदाहरण खोटं निघालं तर वाचणारा स्वतःला फाडतो. पुस्तक छापलेलं आहे, शहाण्या माणसांनी लिहिलेलं आहे, तेव्हा चूक माझीच. पुढाऱ्याने फसवलं तर निदान शिवी तरी देता येते. उदाहरणाने फसवलं तर फसलोय हेही कळत नाही.

हे मला सुमनकडून कळलं.

वैशाखरे गावाच्या पुढे रस्ता सोडून आत गेलं की एक वाडी लागते. सुमन तिथली. तिच्या घरी शेत नाही, वाडीत कुणाच्याच घरी नाही. कापणी-झोडणीला दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, आणि दुसऱ्यांचं भात त्यांच्या घरात पोचलं की बिऱ्हाड उचलून वीटभट्टी. त्या वाडीतून बारावी झालेली ती पहिली. एसटीचा पास काढून तिने मुरबाडच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं आणि काही आठवड्यांतच सोडलं. का सोडलं ते तिने मला रेशनच्या मोर्चात, दोन घोषणांच्या मधल्या वेळात सांगितलं.

"त्या पुस्तकात पयलंच उदाहरण हाय. आपलं नाव लिवायचं, कळ दाबायची, मंग तो एडिटर बोलतो, राम राम, अमुक. मी लिवलं. कळ दाबली. क्लासातल्या पोरींना बोलावलं बघायला. माझ्याशी नाय बोलला."

"म्हणजे एरर आली?"

"एरर पण नाय. गप. जशी काय मी तिथं नवतेच."

आणि मग पुढच्या घोषणेला तिने मूठ वर केली, ती इतरांपेक्षा जरा जास्तच जोरात.

विलासदादा मूळचा आमच्याच तालुक्यातला. त्याच्या वडिलांचं शेत धसईला, आमच्या नामदेवच्या शेताला लागून. शिकून इंजिनीअर झाला, वाशिंदच्या नव्या इमारतींत फ्लॅट घेतला, मुंबईला नोकरी. सुट्टीच्या दिवशी आमच्या ऑफिसात यायचा, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, माझ्या पत्रकांतल्या चुका काढायचा. आम्हाला त्याचा अभिमान होता. हे लिहिताना आज दात आवळले जातात, पण होता. एडिटर बनवणाऱ्यांशी इंटरनेटवरून त्याचं बोलणं असायचं. आमच्यात ते त्या एकट्यालाच जमायचं.

सुमनला मी त्याच्यासमोर बसवलं. तिने तेच उदाहरण पुन्हा टाइप केलं, एकेक अक्षर पुस्तकाशी ताडून. कळ दाबली. एडिटर गप्प. दादा हसला.

"अगं, लोड केलंच नाहीस! लिहिलेलं आधी त्याला वाचायला लावायचं. नाहीतर त्याला कळणार कसं?"

"कुठं लिवलंय?"

"लिहायला कशाला हवं? ते कळतंच."

"कोणाला?"

दादाने मॅन्युअल घेतलं. मागचं पान, पुढचं पान. ती पायरी कुठेच नव्हती. ज्याने उदाहरण लिहिलं त्याच्या मशीनवर सगळं आपोआप लोड होत असणार. आपण एक पायरी चढतो आहोत हेच त्या बिचाऱ्याच्या ध्यानात नसणार. दादाने ती पायरी करून दाखवली. सुमनने कळ दाबली. पडद्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत आलं: राम राम, सुमन.

ती पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "राम राम." अगदी पाण्यावर भेटलेल्या शेजारणीला म्हणावं तसं.

त्या दिवशी दादा खरोखर हलला होता. तेवढं मी त्याच्या पदरात टाकतो. तोच म्हणाला की आपण ही उदाहरणंच नीट करू. प्रोग्रामिंगची तीन प्रकरणं होती. एक पुढचं, जाणत्यांचं, त्यातली उदाहरणं त्याने आधीच निम्मी सुधारली होती. एक मधलं, लहानसं. आणि पहिलं, सुमनला गप्प बसवणारं. दिवाळीनंतर एडिटरची नवी आवृत्ती यायची होती, मॅन्युअलसकट, सीडीवर. तीच सीडी सुमनच्या वाडीजवळच्या आश्रमशाळेतल्या नव्या कॉम्प्युटरांवर चढायची होती, आणि तिथल्या मुलींना शिकवायला सुमन जायची होती. तिथे इंटरनेट नाही, दुसरं पुस्तक नाही. जे सीडीत असेल तेच त्या मुलींपर्यंत पोचणार. सुधारलेलं पहिलं प्रकरण सीडीत गेलं, तर वाडीतल्या मुलींना मशीन राम राम म्हणेल. नाही गेलं, तर गप्प बसेल. आमच्यापुढे काय होतं ते इतकं साधं होतं.

"चौघं हाव. सावड करू," नामदेव म्हणाला.

नामदेव म्हणजे धसईच्या शेतकऱ्याचा पोरगा, कॉलेज सुटलेला आणि तोंडही सुटलेलं. त्याला सावडीशिवाय दुसरी कामाची रीत ठाऊकच नव्हती. आमच्याकडे भात कापायला एका घराचे हात पुरत नाहीत. मग चार घरं एकत्र येतात. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. कुणी कुणाला पैसे देत नाही, हात द्यायचे आणि हात घ्यायचे. ज्याच्या शेतावर लोक राबून गेले त्याने दुसऱ्याच्या शेतावर जायचंच. ताप असला तर घरातलं दुसरं माणूस पाठवायचं. सावड घेऊन न फेडणाऱ्याला गावात शिवी नाही, कारण तशी वेळ येत नाही.

"आमच्यात सावड नसते," सुमन म्हणाली.

"का गो?"

"शेत लागतं ना त्याला. आमी मजुरीला जातो. आमच्याकडं कापायला कोण येनार, आन् काय कापनार?"

गिरणीची भिंत थरथरत होती. नामदेव खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकला. मग त्याने मॅन्युअल उघडून पहिल्या प्रकरणावर हात आपटला. "हे तुझं शेत. याच्यावर आमी सगळे येनार. झालं?"

"झालं," ती म्हणाली. पण ते पान तिने आपल्याकडे ओढून घेतलं, आणि दिवसभर तिथून हललं नाही.

आता आधी कुणाचं? शहरातल्या कुणालाही हा प्रश्न पडला नसता. पहिलं प्रकरण आधी, कारण ते पहिलं आहे. आमची डोकी शेतातली. आमच्याकडे भात हळवं असतं आणि गरवं असतं. हळवं लवकर पिकतं, ते आधी कापायचं. गरवं उशिराचं, ते उभं राहतं, त्याची पाळी शेवटी. पिकलेलं सोडून हिरव्यात विळा घालणारा माणूस वेडा. दादा खुर्चीत मागे रेलला आणि आमच्याच भाषेत म्हणाला, "माझं हळवं आहे रे, निम्मं पिकलंय. आधी ते कापा." आम्ही माना डोलावल्या. सुमननेसुद्धा. यात वावगं काही दिसावं असे संस्कारच आमच्यावर नव्हते.

त्या हंगामाची दुपार मला अजून अंगावर जाणवते. सकाळी नामदेव त्याच्या शेतात, सुमन कुणाच्या तरी शेतात, दुपारी दोघं ऑफिसात. कापणीवरून आलेल्या माणसाच्या हातांना भाताच्या पात्यांचे बारीक ओरखडे असतात, घाम लागला की चुरचुरतात. ते हात कीबोर्डवर. भारनियमनात लाइट गेली की गिरणी थांबायची, भिंत थांबायची, आणि एकदम शेजारच्या अंगणातली झोडणी ऐकू यायची, धप, धप, धप. मग आम्ही कागदावर उदाहरणं लिहायचो. लाइट आली की गिरणीतली माणसं ओरडायची, आम्हीही ओरडायचो.

नियम एकच होता. ज्याने उदाहरण लिहिलं त्याने तपासायचं नाही. दुसऱ्याने बसायचं, आणि त्याला काहीच येत नाही असं समजून, लिहिलंय तेवढंच करायचं. न लिहिलेलं करायला हात शिवशिवला तर हात मागे. नामदेव याला 'येडं बनणं' म्हणायचा.

"संतोष नको येडं बनायला," तो म्हणायचा, "त्याला बनावं लागत नाय."

माझ्या लिहिण्यावर तर त्याने तोंडसुखच घेतलं. "काय रे ही उद्गारचिन्हं? 'आता कळ दाबा!' कळ दाबायचीय का कचेरी जाळायचीय?"

दादा हसून हसून खोकायचा. सुमन काट मारायची. माझ्या वाक्यांतली निम्मी फुशारकी त्या हंगामात तिने कापली, आणि माझी पत्रकं तेव्हापासून सुधारली असं लोक सांगतात.

दादाच्या प्रकरणात एक उदाहरण होतं, रांगेतलं पहिलं नाव काढून शेवटी टाकायचं. जुन्या मॅन्युअलमध्ये तिथे फळं होती. सफरचंद, केळं, द्राक्ष. कळ दाबली की सफरचंद शेवटी जायचं.

"का जातं?" नामदेव म्हणाला. "सफरचंदानं केलं काय? काय तरी कारन पायजे ना शेवटी जायला."

"नियम आहे म्हणून जातं," दादा म्हणाला.

"तसं नाय. सावड घाला. दादाचं शेत झालं की दादा शेवटी. मंग माझं, मंग संतोषचं, मंग सुमनचं. कळतं तरी कोन का हलला."

दादाने टेबलावर थाप मारली. तिथल्या तिथे लिहिलं. मी तपासायला बसलो. कळ दाबली: आज विलासच्या शेतावर. पुन्हा दाबली: आज नामदेवच्या शेतावर. मग माझ्या. मग पडद्यावर आलं: आज सुमनच्या शेतावर.

"ऱ्हाऊ दे जरा," सुमन म्हणाली. "पुढची कळ नको दाबू."

नामदेवने माझा हात धरून ठेवला. लाइट जाईपर्यंत ते वाक्य पडद्यावर होतं.

मी कितीतरी मोर्चे पाहिले, लोकांना हातात सातबारा धरून रडताना पाहिलं. त्या वाक्याकडे बघणाऱ्या मुलीचा चेहरा मी त्यांच्यात धरतो.

दादाचं प्रकरण पिकलं, कापलं, झोडलं, पाठवलं. एडिटर बनवणाऱ्यांना ते पसंत पडल्याची बातमी आली. दादाने वाशिंदहून मिठाई आणली, नामदेवच्या पाठीत धपाटा घातला, "तुमची सावड मी विसरणार नाही" म्हणाला. ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, कारण त्यानंतर तो आला नाही.

पुढच्या सुट्टीला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बूथवरून फोन केला तर ऑफिसात फार काम आहे, येतो, येतो. आम्ही तिघंच बसलो. मधलं प्रकरण बाजूला ठेवलं आणि सरळ सुमनच्या शेतात उतरलो. पहिल्या प्रकरणातलं एकेक उदाहरण तिने लिहिलं, आम्ही येडे बनून तपासलं. कुठे पायरी राहिलेली, कुठे पडद्यावर काय दिसेल ते सांगितलेलंच नाही, कुठे दिसतं एक आणि छापलंय दुसरं. 'असं दिसेल' याच्याखाली तिने प्रत्येक ठिकाणी एक ओळ वाढवली: असं दिसलं नाही तर काय करायचं. त्या ओळीसाठी ती तासन्‌तास अडून बसायची. "नाय दिसलं तर तिनं काय समजायचं?" ती विचारायची. 'ती' म्हणजे कोण हे आम्ही विचारलं नाही.

दिवाळीत दादा वडिलांकडे आला, तेव्हा मुरबाडच्या स्टँडवर सुमनने त्याच्या हातात पहिल्या प्रकरणाची फ्लॉपी ठेवली. त्याने ती शर्टाच्या खिशात घातली. "बघतो आणि पाठवतो." त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं. अवकाळी पडला. नामदेवचं गरवं शेतातच आडवं झालं, भिजलेल्या लोंब्यांना मोड आले. तो त्या चिखलात उभा होता आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. सुमनचं तरी वेळेत पोचलं."

सीडी आली. आश्रमशाळेत कॉम्प्युटरांवर चढली. सुमनने पहिल्या बाकावरच्या मुलीला पहिलं उदाहरण करायला सांगितलं, मीही दाराशी उभा होतो. मुलीने जीभ दातांत धरून आपलं नाव लिहिलं. कळ दाबली. एडिटर गप्प.

मुलीने मागे वळून सुमनकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "मला नाय येत बाई."

पहिलं प्रकरण जुनंच होतं. अक्षर न अक्षर जुनं. पुढचं प्रकरण नवं होतं, आणि त्याच्या वर सुधारणा करणाऱ्याचं नाव होतं. एकच नाव.

आम्ही तिघं वाशिंदला गेलो. दादा इमारतीच्या फाटकाशी भेटला, हातात बॅग, स्टेशनला निघालेला. लपवाछपवी त्याने केली नाही. ती केली असती तर मला बरं वाटलं असतं, निदान त्याला लाज आहे असं समजलो असतो.

"मीच सांगितलं त्यांना," तो घड्याळ बघत म्हणाला. "तपासायला त्यांच्याकडे माणसं कमी होती. दोन्हीतलं एकच आत्ता घेतो म्हणाले, कुठलं घेऊ? मी म्हटलं माझं. तयार होतं ना ते."

"आणि सुमनचं?"

"पुढच्या आवृत्तीत बघू. अरे, पहिलं प्रकरण वाचतं कोण? ज्यांना काम असतं ते पुढच्या प्रकरणापासूनच वाचायला घेतात."

"दादा," नामदेव म्हणाला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "सावड फेडायची ऱ्हायली तुमची."

"अरे सावड काय, ही काय शेती आहे का?"

'माझं हळवं, आधी कापा' म्हणताना ती शेती होती. आमचे हात घेताना ती शेती होती. फेडायची वेळ आली तेव्हा ते सॉफ्टवेअर झालं!

सुमन एवढंच म्हणाली, "माझी फ्लॉपी द्या."

"असेल गं वरती कुठेतरी. माझी गाडी जाईल." आणि तो गेला, भरभर, बॅग काखेत मारून.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर राहिलेली प्रत घेऊन मुरबाडच्या सायबर कॅफेतून आम्ही ते प्रकरण स्वतः पाठवून पाहिलं. मोडक्या इंग्रजीत मी लिहिलं, की इथे मुली थांबल्या आहेत. उत्तर अगदी सभ्य आलं: मराठीचं काम विलास पाहतात, कृपया त्यांच्यामार्फत पाठवा.

मग मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं. माझ्या आयुष्यातलं एकमेव पत्रक, ज्यात मागणी नाही, निषेध नाही, खाली संघटनेचं नाव नाही. पहिल्या उदाहरणात एक पायरी राहिली आहे, ती ही, आणि तुम्हाला येत नाही असं अजिबात नाही. एवढंच. नामदेवने वाचलं. "एकपन धिक्कार नाय? बरा हायस ना?" सीडीवरचं मॅन्युअल छापून प्रत्येक कॉम्प्युटरपाशी ठेवलेलं होतं, त्यात सुमनने ती पानं खळ लावून चिकटवली. काही दिवसांनी तिथल्या साहेबांनी ती फाडली. छापलेल्या पुस्तकात चिकटवाचिकटवी नको, म्हणाले, पुस्तक चुकेल होय? पुढच्या वर्षी सुमनच्या जागी कुणी दुसरंच आलं. ते मॅन्युअलमधून शिकवतं, पान उघडून. मुली उदाहरण लिहितात, कळ दाबतात, आणि बाईंकडे बघून हसतात.

दादाला त्या कामावर पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी लागल्याचं ऐकलं. सावडीचं उदाहरण त्या पुस्तकात अजून आहे. आमच्या नावांसकट आहे. मी मधूनमधून ते चालवतो, जिभेने दुखरा दात चाचपावा तसं. ते अचूक चालतं. चौथ्यांदा कळ दाबली की येतं: आज सुमनच्या शेतावर. त्या पुस्तकात तिची पाळी दर वेळी येते.

सुमन आता वाशिंदला एका पॅकिंगच्या कारखान्यात आहे. फोननंतर मी तिला भेटायला गेलो. नामदेवला आधी विचारलं होतं. त्याने दिलेलं उत्तर छापता येणार नाही. कारखान्याच्या फाटकाबाहेर, शिफ्ट सुटलेल्या बायकांच्या गर्दीतून ती आली, केसांत पुठ्ठ्याची धूळ. मी सगळं सांगितलं. ती पेरू खात ऐकत होती.

"पयलं प्रकरण घेतलं का त्यांनी?"

"नाही. त्याचा विषयच काढला नाही दादाने."

"मग सांग त्याला. सुमन बोलली, माझं गरवं अजून उभं हाय. आधी ते काप, मग बोलव."

मी तिच्यासमोरच फोन लावला. शब्द न बदलता सांगितलं. पलीकडे तो 'गरवं' एवढंच पुटपुटला, आणि मला वाटलं, लागलं याला. इतक्या वर्षांनी का होईना, लागलं.

"वा!" दादा म्हणाला. "गरवं! काय शब्द आहे रे! हे घेऊ आपण. हळवं आधी, गरवं नंतर, क्रम लावायचं झकास उदाहरण होईल. तू असं कर, ते नेमकं कसं असतं ते पायरी पायरीने लिहून पाठव मला. मी विसरलोय आता."

मी फोन बंद केला.

"काय बोलला?" सुमनने विचारलं.

"उदाहरण म्हणून घेतो म्हणाला. लिहून पाठव म्हणाला, पायरी पायरीने."

तिने पेरूचा देठ लांब फेकला. वाटेवरच्या रिक्षात बाकीच्या बायका बसल्या होत्या, तिला हाका मारत होत्या. "दे की लिवून," ती म्हणाली. "फक्त एक पायरी गाळ."

मी हसलो. खरं सांगायचं तर मला ते मनापासून पटलं. कुठली गाळायची हेही मनात ठरलं. ती रिक्षापर्यंत पोचली, एक पाय आत ठेवला, आणि तशीच वळली.

"नको रे संतोष," ती ओरडून म्हणाली. "तो कुठं वाचनार हाय? वाचनारी कोन तरी पोरगीच असंल."